भरतीच्या वेळी उभं राहायला जागा

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या धक्क्यावरून ठाणे खाडीत होड्या सुटतात. त्यांची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, कारण भरतीही तेवढीच पुढे सरकते. मी मुद्दाम माघी पौर्णिमेचा दिवस निवडला होता. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी असते, भरती दुपारच्या सुमाराला. उधाणाच्या या दिवसांत खाडीचं पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. सकाळची ओहोटी ऐरोलीला, दुपारची भरती नेरूळला आणि संध्याकाळी पाणी उतरताना शिवडी, असा बेत होता. फ्लेमिंगो खाडीत कुठे चरतात ते आता मुंबईच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पाणी चढून चिखल बुडाला की ते जातात कुठे, ते मला पाहायचं होतं.

पक्ष्यांवर काम करणारी एक तरुण संशोधक बरोबर होती. अंगावर मळखाऊ रंगाचा सदरा, गळ्यात दुर्बीण, पिशवीत हातभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप आणि दोन चाळण्या. होडी दिवे कोळीवाड्यातल्या एका काकांची होती. मासेमारीत आता पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून हंगामात ते पर्यटकांना फिरवतात. आम्ही निघालो तेव्हा पाणी नुकतंच चढायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत होती आणि त्यांच्या मुळांशी श्वासमुळांचे हजारो खुंट चिखलातून वर आलेले होते. खुंटांच्या मधून निवट्या उड्या मारत होत्या. एक चिंबोरी आमच्या चाहुलीने बिळात शिरली.

"आता पानी चरतंय, ताई," काका म्हणाले. "तासाभरान यो सगला चिखल बुरेल. बघाचा ता आताच बघा."

वळण घेतल्यावर तो चिखल समोर आला आणि त्यावर ते उभे होते. दुरून आधी गुलाबी पट्टा दिसतो, मग पट्ट्याला पाय फुटतात. काकांनी इंजिन बंद करून होडी वाहू दिली. बहुतेक सगळे लहान फ्लेमिंगो होते, गर्द, जवळजवळ काळपट लाल चोचीचे. त्यांच्यात अधूनमधून मोठे, उंच मानेचे, पांढुरके. त्यांची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. दोन्ही जाती एकाच चिखलात, एकमेकींच्या पायांत पाय घालून चरत होत्या, तरी भांडण नव्हतं. दोघींचं खाणं वेगळं आहे. दोघीही चोच उलटी करून पाण्यात बुडवतात आणि जिभेच्या दट्ट्याने पाणी आत-बाहेर करतात. पण लहान फ्लेमिंगोच्या चोचीतली गाळणी इतकी बारीक असते, की तिच्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळही अडकतं. मोठ्याची गाळणी जाड. त्याला किडे, कोलंबीची पिल्लं, बारीक शंख लागतात. लहान फ्लेमिंगोची जीभ सेकंदाला वीसेक वेळा मागेपुढे होते. दुर्बिणीतून पाहिलं तर गळ्याशी सतत काहीतरी थरथरत असल्यासारखं दिसतं, ते हेच.

संशोधकबाईंनी आधी गणती केली. एवढे पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. तिने थव्याच्या कडेला शंभर पक्षी नेमके मोजले, ते दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घेतलं आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत गेली. दुसऱ्या टोकाकडून परत तेच केलं. दोन आकडे फार वेगळे आले तर तिसऱ्यांदा. माणसागणिक नजर वेगळी असते, म्हणून वर्षानुवर्षं त्याच माणसांनी, त्याच जागांवरून, त्याच भरतीच्या टप्प्याला मोजावं लागतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं या खाडीत हे काम सातत्याने करत आली आहेत. हंगामाच्या भरात इथे लाखाहून अधिक फ्लेमिंगो असतात, हे आज आपण निर्धास्तपणे म्हणतो ते या कंटाळवाण्या कामाच्या जोरावर.

मग ती होडीच्या कडेवरून वाकली आणि पाइप चिखलात दाबला. वरचं तोंड तळव्याने बंद करून तो ओढून काढला. आत वीतभर गाळ होता: वरचा थर तपकिरी, खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. तिने मला आधी वरचा थर दाखवला. उन्हात त्यावर सोनेरी झाक होती. ती झाक म्हणजे डायॅटम, काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय वनस्पती. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्या सरकत पृष्ठभागावर येतात, ऊन खातात आणि भरती येण्याआधी परत खाली जातात. एवढ्याशा जिवांनाही भरतीचं वेळापत्रक पाठ असतं. उरलेला गाळ तिने अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत ओतला आणि खाडीच्याच पाण्यात हिंदकळला. चाळणीत काय राहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: दोऱ्यासारख्या पाच-सहा लाल अळ्या, तांदळाच्या कणीएवढे शंख, शिंपल्यांचा चुरा आणि निळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे. सगळं तिने बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवली. प्लास्टिकही भरलं. "तेही नोंदवतो," एवढंच म्हणाली.

या चिखलाचा अभ्यास आजचा नाही. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी खाडीचा गाळ, पाणी आणि त्यातले जीव वर्षानुवर्षं तपासत आले. मोठ्या संस्थांच्या आणि परदेशी निधीच्या बातम्या होतात. गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून जमवलेल्या माहितीची होत नाही. पण खाडी कशी बदलली ते सांगायला आज हीच माहिती उपयोगी पडते. खाडी उथळ होत गेली, गाळ साचला, चिखलावर तिवरं पसरली. आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी येत राहिलं. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर निळं-हिरवं शेवाळ आणि डायॅटम माजले. 1990च्या दशकाच्या मध्यापासून फ्लेमिंगो मोठ्या संख्येने इथे यायला लागले, त्यामागे हे एक मोठं कारण अभ्यासक सांगतात. म्हणजे त्यांचं ताट आपल्या घाणीने वाढलेलं आहे. ही गोष्ट मला आनंदाची वाटत नाही. खाडीची सहनशक्ती कधी संपेल, पाण्यातला प्राणवायू कोणत्या पातळीखाली गेला की हे अन्नही नासेल, हे तपासण्यासाठीच त्या बाटल्या भरायच्या असतात. तिवरांचंही तसंच. त्यांची तोड थांबवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं, 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली, 2012 मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. हे सगळं हवंच होतं. पण तिवरं उघड्या चिखलावर सरकत गेली तर फ्लेमिंगोंची चरायची जागा आकसते. कुठे झाड वाढू द्यायचं आणि कुठे चिखल मोकळा ठेवायचा, ते मोजमापाशिवाय ठरवता येत नाही.

तासाभरात काकांचं म्हणणं खरं ठरलं. पाण्याची जीभ चिखलावर चढत आली. पक्षी काठाकाठाने मागे सरकत राहिले, मग पोटापर्यंत पाण्यात उभे राहिले. एकाएकी कडेचे वीस-पंचवीस उठले, त्यांच्या मागे शंभर, मग सगळा पट्टा. मिटलेल्या पंखांत लपलेला लाल-काळा रंग उघडला. थवा दक्षिणेकडे वळला आणि वाशी पुलाच्या दिशेने गेला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, जवळपास 1,690 हेक्टरांचं. 2022 मध्ये भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यासह 6,521 हेक्टर खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. हे वाचून अभिमान वाटतोच. पण रोज दोनदा पाणी चढतं, आणि दोन्ही वेळा या पक्ष्यांना बुडालेला चिखल सोडून दुसरीकडे उभं राहायला जावं लागतं.

ऐरोलीहून पनवेल लोकल पकडून आम्ही सीवूड्सला उतरलो. पाम बीच रस्ता ओलांडला की उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी टीएस चाणक्य नावाच्या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ. करावे गावाची वेस इथे लागते. नवी मुंबई वसवताना खाजणं आणि मिठागरं भरून जमीन केली गेली. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी शहरात तुंबू नये म्हणून डच पद्धतीने बांध घालून धारण तलाव राखले. बांधांना उघाड्या ठेवल्या. त्या उघाड्यांमधून थोडं थोडं भरतीचं पाणी आत येतं, पण तलाव खोल होत नाहीत. फ्लेमिंगोला नेमकं हेच लागतं: गुडघाभर पाणी, भोवती मोकळं आकाश, कुत्र्यांपासून लांब.

दुपारी एकच्या सुमाराला तिथे पोचलो तेव्हा ते आलेले होते. सकाळचेच होते की दुसरे, ते सांगायला मार्ग नव्हता. बहुतेक एका पायावर, मान पाठीवर टाकून, डोळे मिटून. पुढच्या ओहोटीपर्यंत इथे विश्रांती घ्यायची. पायवाटेवर काही लोक मोबाइल उंचावून उभे होते. एक आजोबा रोज दुपारी जेवण झाल्यावर इथे येतात. त्यांनी न विचारता सांगितलं की आज थवा कालच्यापेक्षा मोठा आहे. पाणथळीच्या मधल्या भागात शेकाटे आणि मळगुज्यांचीही गर्दी होती.

हे खाडीतलेच पक्षी इथे येतात, हे पूर्वी अंदाजाने सांगितलं जायचं. आता पुरावा आहे. 2022च्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथल्या सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारी जीपीएस यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाला हुमायून अब्दुलअलींचं, एकाला सलीम अलींचं, एकाला कच्छच्या महाराव खेंगारजींचं नाव दिलं; कच्छच्या रणात फ्लेमिंगोंची वीण होते ही नोंद खेंगारजींच्या काळातली. सलीम अली 1945 मध्ये त्या रणात जाऊन चिखलाच्या बुटक्या मनोऱ्यांची ती वसाहत पाहून आले होते. यंत्रं लावलेले पक्षी पावसाच्या तोंडावर गुजरातकडे गेले आणि पुढच्या हंगामात परत यायला लागले. मला मात्र त्यांच्या लांबच्या उड्डाणापेक्षा रोजचा फेरा जास्त महत्त्वाचा वाटतो. नकाशावर त्यांचे ठिपके ओहोटीला खाडीत असतात आणि भरतीला भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ, या नेरूळच्या पाणथळींवर, तर कधी उरणकडच्या पांजेला.

पक्ष्याला पकडून यंत्र लावणं ऐकायला सोपं वाटतं. फ्लेमिंगो चिखलात जिथे उभा असतो तिथे माणूस कमरेपर्यंत रुततो. नायलॉनचे बारीक फास ओहोटीला चिखलात मांडायचे, मग लांब बसून तासन् तास वाट पाहायची आणि पाय अडकताच धावत जाऊन पक्षी सोडवायचा, कारण एवढे लांब पाय धडपडीत सहज मोडतात. ही विद्या प्रयोगशाळेत शिकलेली नाही. बिहारच्या मीरशिकार समाजाचे, पिढ्यानपिढ्या पक्षी धरणारे लोक सोसायटीच्या कामात आले आणि त्यांनी ती शास्त्रज्ञांना शिकवली. अली हुसेन हे त्यांतलं सगळ्यात मानाचं नाव. एका हाताने पंख धरायचे, दुसऱ्याने मान सांभाळायची, डोळ्यांवर फडकं टाकायचं की पक्षी शांत होतो. वजन, चोचीची लांबी, पायात कडी, पाठीवर यंत्र, आणि शक्य तितक्या लवकर सुटका.

आता अडचणीचं सांगते. ज्या पाणथळीच्या काठी आम्ही उभ्या होतो ती अभयारण्यात नाही. इथे गोल्फचं मैदान आणि इमारती करायचा बेत होता; रहिवासी न्यायालयात गेले म्हणून ती आज पाणथळ म्हणून दिसते आहे. सोसायटीने भांडुप, टीएस चाणक्य, एनआरआय संकुल, पांजे, बेलपाडा आणि भेंडखळ या जागा खाडीच्या उपग्रह पाणथळी म्हणून जपाव्यात, असा व्यवस्थापन आराखडा शासनापुढे ठेवला आहे. पण 2017चे पाणथळ नियम मिठागरांना आपल्या व्याख्येत धरत नाहीत आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या जागाही त्या नियमांबाहेर ठेवतात. कागदावर अशी जागा कधी भूखंड असते, कधी मिठागर, कधी पूरनियंत्रणाचा तलाव. पक्षी तिथे रोज येतो, हे सातबाऱ्यावर लिहायला रकाना नाही.

बाजूलाच असलेल्या नेरूळच्या डीपीएस तळ्याचं उदाहरण ताजं आहे. भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडली, तळं सुकत गेलं, त्यावर शेवाळाचा दाट थर आला, आणि 2024च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मरू लागले. काही वाट चुकून रस्त्यावर उतरले. स्थानिक लोकांनी आवाज उठवला, पाण्याची वाट पुन्हा मोकळी करावी लागली, आणि 2025 मध्ये हे तळं फ्लेमिंगोंसाठी संवर्धन राखीव करण्याचा निर्णय राज्यपातळीवर झाला. हे घडलं म्हणून मला बरं वाटतं. पण त्यात किती साधी गोष्ट दिसते: तिथे पक्ष्याला जगवायला फक्त पाण्याची वाट उघडी हवी होती.

त्याच 2024च्या मे महिन्यात, 20 तारखेच्या रात्री, घाटकोपरवर उतरत्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा आदळला आणि तीसहून अधिक पक्षी वस्तीत पडले. ते रात्री तिथून का उडत होते यावर मतं वेगवेगळी आहेत. विश्रांतीच्या जागांवर त्रास झाला की थवे भलत्या वेळी, भलत्या दिशेला उडतात, ही भीती मात्र अभ्यासकांनी आधीपासून बोलून दाखवली होती. आता पाणथळींपासून काही किलोमीटरवर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तळी बुजवली की पक्षी दूर जातील आणि विमानं सुरक्षित होतील, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. हक्काची जागा असलेला पक्षी ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने उडतो, त्याची वाट मोजता येते. जागा हरवलेला थवा कुठेही घिरट्या घालतो. या विषयात निर्णय घेणाऱ्यांनी तरी ते नकाशावरचे ठिपके एकदा शांतपणे पाहायला हवेत.

साडेतीन वाजता पाणी उतरू लागलं तसे आम्ही हार्बर लोकलने शिवडीला निघालो. वडाळ्यानंतर गाडी गोदामांच्या रांगांमधून जाते. शिवडी धक्क्यावर दुरुस्तीला लावलेली गंजकी जहाजं, डांबराचा वास, ट्रकांची धूळ, आणि त्यापलीकडे हळूहळू उघडा पडणारा चिखल. मुंबईकरांनी फ्लेमिंगो पहिल्यांदा पाहिले ते बहुतेक इथूनच. आता वर अटल सेतू आहे, 21.8 किलोमीटर लांबीचा, जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला. त्याच्या बांधकामाचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठीच सोसायटीकडे खाडीचा दहा वर्षांचा अभ्यास सोपवला गेला आणि ती जीपीएस यंत्रंही त्याच अभ्यासातून आली. पुलाच्या या टोकाला आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत. बांधकामाच्या वर्षांत इथे पक्षी घटले होते; आज पुलाच्या खांबांपासून अंतर ठेवून, पण बऱ्याच संख्येने उतरले. एवढ्या मोठ्या पुलाखाली चिखल शिल्लक ठेवला तर पक्षी जुळवून घेतो. जुळवून घ्यायला त्याला चिखल लागतो.

पाच वाजता पट्टा रुंद झाला होता. मोठे फ्लेमिंगो एकाच जागी गोल फिरत पाय आपटत चिखल ढवळत होते. ते पुढे सरकले की मागे वर्तुळं उरत होती. संशोधकबाईंनी पुन्हा शंभराचा तुकडा डोळ्यांत घेतला आणि गणती सुरू केली. वहीत तीन रकाने झाले होते: ऐरोली, नेरूळ, शिवडी. मी विचारलं, उद्या इथेच का?

"नाही, ताई, उद्या पांजेला," ती म्हणाली. "दुपारी दोनची भरती आहे. उघाड्या उघड्या ठेवल्यात की बंद केल्यात, ते आधी बघायचंय. बंद असतील तर मोजायला काही नसेलच; मग फोटो काढून, तारीख-वेळ घालून तक्रार करायची."

तिने पाइप धुतला, चाळण्या पिशवीत भरल्या, आणि आम्ही सव्वासहाची पनवेल गाठायला स्टेशनकडे निघालो.